अहिराची वाट

धामणवाडीतील माणूस विहिरीपाशी गेला की पाणी किती आहे ते आधी पाहत नसे. अहिर आहे ना, एवढे पाहत असे. घडीव दगडांच्या फटीतून ते रुंद, शांत मुख दिसले, की मगच तो घागर बुडवीत असे.

बदलापूर गावाच्या पलीकडे, जेथे डांबरी रस्ता संपून पायवाट डोंगराला लागते, तेथे ठाकरांची ही वाडी आहे. विहीर बांधून झाली त्या वर्षी सदूच्या बापाने ओहळाच्या कोंडीतून करंगळीएवढे एक पिल्लू धरले, गाडग्यात घालून डोक्यावरून आणले आणि नव्या पाण्यात सोडले. दिसायला सापासारखे, परंतु जातीने मासा असलेले ते पिल्लू वाढत वाढत मनगटाहून जाड आणि माणसाच्या कमरेएवढे लांब झाले. पाण्यात पडलेला किडा तो खाई, बेडूक खाई, आणि त्यामुळे पाणी निर्मळ राही, अशी वाडीची श्रद्धा होती. नव्याच्या दिवशी नव्या भाताची पहिली मूठ त्याला मिळे. लग्न होऊन आलेली नवरी सासूच्या पाया पडण्याआधी कठड्यावर वाकून त्याला तोंड दाखवी. सगळी वाडी त्याला राखणदार म्हणे, आणि त्या राखणदाराला राखण्याचा मान सदूच्या घराचा होता.

या मानात एक सल होता. पावसाळा सरत आला आणि विहीर काठोकाठ भरलेली असली, की एखाद्या ओल्या सकाळी अहिर विहिरीबाहेर सापडे. ओहळाच्या बाजूच्या गवतात, अंगाला माती लागलेला, कल्ले उघडझाप करीत. मग सदू ओले गोणपाट घेऊन धावे, त्याला लेकरासारखा गुंडाळून आणी, नारळ फोडी आणि विहिरीत सोडी. बघे हसत.

"सदू, तुझ्याच घरावर रुसतोय बघ तो," म्हातारा गोमा म्हणे. "तुझ्या बापाच्या येळेला कदी भायेर नाय आला."

बापाच्या वेळी अहिरच लहान होता, एवढे उत्तर सदूला कधी सुचले नाही. तो गोणपाट पिळीत उभा राही आणि मान खाली घालून घरी जाई.

या वर्षी भाद्रपदाच्या मध्यावरच पाऊस निघून गेला. आभाळ धुतलेल्या थाळीसारखे स्वच्छ झाले. भाते निसवत होती; कोवळ्या लोंब्यांत अजून दूध भरायचे होते आणि खाचरांच्या तळाशी चिखलाला बारीक रेघा पडू लागल्या होत्या. विहिरीचे पाणी हातभर खाली गेले.

त्याच दिवसांत सदूची लेक पुतळी सकाळी घागर घेऊन गेली असता तिला विहिरीतून आवाज आला. ओला, जड आवाज. जणू कोणी भिजलेले कापड दगडावर आपटले. ती वाकली. अहिर भिंतीला चिकटून वर चढत होता. शेवाळलेल्या दगडावर अंगाची एकेक वळी टेकवीत तो पाण्याच्या वर आला, कोरडा दगड लागताच त्याची पकड सुटली आणि तो खाली पडला. थोडा वेळ पाणी हलत राहिले. पुन्हा तेच मुख भिंतीला लागले.

"कान्हा!" तिने धाकट्या भावाला हाक मारली. "अरे, हा बघ कसा दिसतोय."

कान्हा सतरा वर्षांचा होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात रोजंदारीवर जाई. दात घाशीतच तो आला आणि वाकून पाहताच त्याचा हात थांबला. अहिराच्या अंगावरचा शेवाळी पिवळेपणा गेला होता. पाठ काळीभोर झाली होती, पोट कल्हई केलेल्या भांड्यासारखे चमकत होते, आणि डोळे, जे कालपर्यंत मोहरीएवढे बारीक होते, ते मोठे, गोल आणि काळे झाले होते.

"म्हातारा झाला असंल," कान्हा म्हणाला.

"म्हाताऱ्याचे डोळे असे व्हतात?"

"मंग आजारी असंल. काल आयेनं टाकलेला भात तसाच तरंगत व्हता."

आवाज पुन्हा आला. दोघांनीही नकळत कठडा घट्ट धरला.

पुतळी बदलापूरच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याबरोबर शिकणारी माया उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहत असे. मायाचा भाऊ प्रमोद आणि त्याचे मित्र दर रविवारी उल्हास नदीत उतरून जलपर्णी उपसत. मायाही त्यांच्याबरोबर गुडघाभर चिखलात उभी राही. पुतळीने अहिराचे हे रूप सांगितले तेव्हा माया डबा खाता खाता थांबली.

"डोळे मोठे झाले? पोट चांदीसारखं? आणि खाणं बंद?"

"हां."

"अगं, मग तो निघालाय! नदीवर आमच्याबरोबर एक मॅडम येतात ना, त्यांनी सांगितलं होतं. हा मासा सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढतो, आणि शेवटी एकदाच समुद्रात जातो. अंडी घालायला. पार आत, खोल. नेमका कुठे जातो ते अजून कुणाला धड माहीत पण नाहीये."

"आणि परत?"

"तो नाही येत. पिल्लं येतात. एवढीशी. समुद्रातून खाडीत, खाडीतून नदीत, नदीतून तुमच्या ओहळात." मायाने डब्याचे झाकण लावले. "सीरियसली, मला बघायचाय तो."

ती त्याच दुपारी आली. ज्या नाल्याचे पाणी सकाळी एका रंगाचे आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाचे असते, त्याच्या काठी ती वाढली होती. वाहत्या पाण्यातला जिवंत मासा तिने लहानपणी पाहिला नव्हता. कठड्यावर छाती टेकून ती पाहत राहिली. अहिर चढला, थांबला, पडला. नंतर तिने, देवळात बोलावे तसे, हळू विचारले,

"किती वर्षं झाली ह्याला इथे?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून हाय."

"आणि तू म्हणालीस, तो आधी पण बाहेर यायचा. तेव्हा काय करायचात?"

पुतळीच्या डोळ्यांसमोर ओले गोणपाट आले, फुटलेला नारळ आला, गवतातून विहिरीकडे उलट पावली चालणारा बाप आला. ज्याला समुद्राने हाक दिली होती, त्याला आपल्या घराने दरवर्षी किती मायेने परत आणून सोडले होते, हे तिला त्या घडीला कळले.

"बाहेर काढून सोडू ना मग," माया म्हणाली.

"सोडून कुठं जाईल? उद्या बरगे बसतात."

वाडीच्या खालच्या अंगाला ओहळावर दगडी बंधारा आहे. त्याच्या मधोमध मोरी आहे. पावसात ती उघडी असते. पाऊस सरला की मोरीच्या खाचांत लाकडी बरगे एकावर एक बसवायचे, फटींत पेंढा आणि चिकणमाती ठासायची, म्हणजे पाणी चढते आणि पाटाने खाचरांत जाते. एकदा बरगे बसले की बंधाऱ्याखाली ओहळ पुढच्या ज्येष्ठापर्यंत कोरडा. एरवी हे काम दसऱ्याच्या सुमारास होई. या वर्षी सगळ्यांना घाई होती.

संध्याकाळी माणसे गोमाच्या ओट्यावर जमली. पुतळी पुढे झाली आणि तिने सांगायचे ते सांगितले. विहिरीतलाच नव्हे, ओहळातलेही असले मासे आता खाली निघतील. मोरी बंद झाली तर भिंतीला डोके आपटून मरतील. हे मासे काळोख्या रात्रींत उतरतात, म्हणून अमावास्येपर्यंत खालचा एक बरगा काढून ठेवावा.

गोमाने तंबाखू मळता मळता तिच्याकडे पाहिले.

"म्हंजे राखणदाराला आता यष्टीत बसवून दर्याला धाडायचा म्हन. तिकीट अर्धं का पुरं?"

ओटा हसला. सदू खांबाशी उकिडवा बसला होता. त्याचे कान तापले.

"आजा, हसू नका. तो जातोयच. दरवर्षी जायाला बघतोय. आपुनच आडवतो."

"आडवतो? गोनपाटात घालून आनतो त्याला, नारळ देतो! तुझ्या आज्यानं आनला तो, पोरी. तो गेला आनि हीर आटली, मंग पानी कोन देनार? कालेज?"

"आनि भात?" दुसरा कोणी म्हणाला. "एक बरगा काढला तर पानी अर्धंच चढंल. खालच्या खाचरांना पोचंल. पन वरचं खाचर कोरडं. वरचं कुनाचं हाय?"

वरचे खाचर सदूचे होते. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मी पानी घालते," पुतळी म्हणाली. "उपसून. मी नि कान्हा."

"मी पण," ओट्याच्या पायरीवरून माया म्हणाली.

"तू कोन गं, बाय?"

"माया. कॅम्प पाचची."

"उल्लासनगरची पोरगी आमच्या वाडीचं भात शिंपनार!" गोमाने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "सदू, तू बोल. तोंड हाय का नाय तुला?"

सदू उठला. त्याने कोणाकडेही पाहिले नाही.

"मोरीचं काय ते पोरांवर. माझं खाचर सुकलं तर माझं सुकंल," तो म्हणाला. "पन हिरीतल्याला कोन हात लावायचा नाय. त्यो माझ्या बापाचा हाय."

दुसऱ्या दिवशी बरगे बसले. तळाचा एक तेवढा भिंतीला टेकून उभा राहिला; त्याच्या जागी दोन्ही खाचांत दगड ठेवून फट राखली. पाणी चढले आणि अर्ध्यावर थांबले. खालच्या खाचरांत ते शिरले तेव्हा त्यांची माती तृप्त झालेल्या जनावरासारखी सुस्कारली. सदूच्या खाचराचा पाट मात्र उघड्या हातासारखा कोरडा राहिला.

पोरांनी पत्र्याच्या डब्याला दोन बाजूंनी दोर बांधले. बांधाच्या दोन अंगांना दोघांनी उभे राहायचे, झोका देऊन डबा खाली पाण्यात बुडवायचा, दोघांनी एका दमात ओढायचा आणि वरच्या पाटात उलटा करायचा. पहिल्या दिवशी अर्धे पाणी मायाच्या अंगावर गेले.

"भातावर घाल, भातावर," कान्हा ओरडला. "तू काय उगवनार नाय."

"तू जास्त शाणपणा नको करू. दोर नीट धर."

दुपारपर्यंत तळव्यांवर फोड आले, संध्याकाळी ते फुटले. दुसऱ्या दिवशी पुतळीने हातांना फडके गुंडाळले. ते लाल झाले. पाठीच्या कण्यात जणू कोणी तापलेली सळई ठेवली होती. ऊन डोक्यावर उभे राही, बांधावरच्या गवतातून वाफ निघे, डबा खाली जाई, वर येई. कान्हाने कारखान्याचे खाडे केले. माया पहाटे उल्हासनगरहून निघे आणि अंधार पडायच्या आत परते. एके दिवशी तिने एक मोठा निळा ड्रम आणला. अहिराला कधी न्यायची परवानगी मिळाली तर असावा म्हणून.

"आमच्याकडचा दुकानदार विचारतो, साईं, किसलिए चाहिए? मी बोलले, मछली को समुंदर भेजना है. तो मला बराच वेळ बघत बसला. मग बोलला, ड्रम ले जाओ, बेटा, लेकिन पापड भी ले जाओ, रास्ते में भूख लगेगी."

पुतळीची आई चांगी भाकरी घेऊन आली होती. ती पदर तोंडाला लावून हसली, मग मायाचे हात हातात घेऊन तिने त्यांना करंजाचे तेल लावले आणि बोलली, "तुझी आये मला शिव्या घालत असंल गं."

"नाही काकू. ती म्हणते, घरी कधी झाडू पण नाही उचलत."

पाणी पाटाने जाई आणि खाचराच्या मधोमध पोचता पोचता माती ते पिऊन टाकी. जवळचे भात हिरवे राहिले. लांबच्या कोपऱ्यात लोंब्या पांढऱ्या पडू लागल्या. सदू रोज सकाळी त्या कोपऱ्यात जाई, एक दाणा नखाने दाबी, दूध निघते का पाही आणि परत येई. विहिरीतला आवाज दिवसेंदिवस क्षीण होत होता. पुतळी तो ऐके आणि बापाकडे पाही. बाप दुसरीकडे पाही.

अमावास्या जवळ आली तेव्हा सदूने आढ्यावरची खोईन काढली. बांबूच्या कामट्यांची, लांब नळीसारखी, निमुळती होत जाणारी टोपली. तिचे रुंद तोंड प्रवाहाकडे करून ठेवले की आत गेलेला मासा फिरू शकत नाही. सगळा ओहळ ज्या एकाच फटीतून जात होता तेथे खोईन लावण्याचा मोह कोणालाही झाला असता. शिवाय पीक जाणार असेल तर घरात शिजायला काही तरी हवे, असे चांगी आदल्या दिवशी बोलली होती. दिवेलागणीला त्याने ती मोरीत बसवली.

सकाळी पोरे उपसायला आली तेव्हा त्यांनी खोईन पाहिली. कान्हाने तोंड उघडले. पुतळीने त्याचा हात दाबला. सदू कमरेभर पाण्यात उतरला होता. त्याने खोईन उचलली. ती जड होती. त्याने ती बंधाऱ्यावर ठेवली, शेपटाकडची गाठ सोडली आणि आत पाहिले.

आत अहिर होता. विहिरीतल्याहून लहान, पण पाठ तशीच काळीभोर, पोट तसेच कल्हईचे, आणि डोळे तसेच मोठे, गोल, काळे. तो धडपडत नव्हता. मुख बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्याकडे करून पडला होता.

सदू वाकून पाहत राहिला. ओहळात वाढलेल्या या जिवाला कोणी घरात आणले नव्हते, कोणी भाताची मूठ दिली नव्हती, कोणी नारळ फोडला नव्हता. तो कोणावर रुसणार? आणि तरीही त्याच्या डोळ्यांत तेच होते. सदूने हात ओला केला आणि त्या काळ्या पाठीवर ठेवला. कातडीखाली एक अखंड थरथर होती, जशी दूरवरून येणाऱ्या गाडीची रुळाला असते.

"पुतळे," तो म्हणाला. "ह्यो बी चाललाय गं."

"हां, बा."

"म्हंजे आपला... माझ्यावर रागावून नाय जात त्यो."

इतकी वर्षे बाप हेच उराशी धरून बसला होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

"नाय, बा. त्याची येळ झाली म्हनून जातो. तू नीट राखलास म्हनून तर त्याची येळ आली."

सदूने खोईन फटीच्या पलीकडे धरली आणि उलटी केली. काळी रेघ पाण्यात पडली, एकदा वळली आणि प्रवाहात मिळून गेली. खोईन त्याने पाठीला लावली. मग बांधावर येऊन मायाच्या हातातला दोर घेतला.

"सर, पोरी. तुझी पाठ मोडंल. दर्या म्हंतात तो कुनीकडं, ते मला सांग. मी कदी पायला नाय."

दोर ओढता ओढता माया सांगू लागली. ओहळातून उल्हास नदी. बदलापूरच्या पुलाखालून, अंबरनाथच्या शेजारून, उल्हासनगरच्या मागून कल्याण. मग खाडी. तेथे पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते आणि हळूहळू खारट होत जाते. मग वसईपाशी समुद्र. प्रमोद आणि त्याचे मित्र खालच्या एका बंधाऱ्यापाशी जलपर्णी काढताहेत, म्हणजे मधल्या पाण्याला वाट राहील. सदू प्रत्येक गावाला मान हलवीत होता. पाहुण्याच्या प्रवासाची चौकशी करावी तसा.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी डोंगरामागून ढग चढले. वारा पडला. भातावरचे चतुर एकाएकी खाली आले आणि परतीचा पाऊस गडगडत वाडीवर उतरला. घटकाभरात ओहळ तांबडा झाला, मोरीची फट घोघावू लागली. आभाळ इतके काळवंडले की दिवस असताना चुली पेटल्या.

सदू गोणपाट घेऊन विहिरीकडे निघाला तेव्हा माणसे ओट्याओट्यांवरून पाहत होती. त्याने धोतर कसले आणि भिंतीतल्या दगडी पायठणांवरून खाली उतरला. अहिर पाण्याच्या कडेशी पडून होता. मुखाचे कातडे दगडावर घासून सोलले होते. सदूने आजवर त्याला गवतातूनच उचलले होते. पाण्यातून काढण्याची ही पहिली वेळ. तो पळाला नाही. त्याने आपला सगळा भार त्या दोन हातांत सोडला.

"ड्रम आणू, काका?" वरून माया ओरडली.

"ड्रम कशाला? बापानं डोक्यावरनं आनला व्हता. मी खांद्यावरनं नेतो."

ओल्या गोणपाटातून शेपूट त्याच्या पाठीवर लोंबत होते. पावसात तो चालू लागला. मागे चांगी, मागे पोरे. ती सगळी गोमाच्या ओट्यासमोरून जाऊ लागली तेव्हा म्हातारा काठी टेकीत उभा राहिला. सगळ्यांना वाटले, तो आडवा येईल.

"सदू," तो म्हणाला, "नारळ कुठाय?"

"घरात नाय, आजा."

गोमा आत गेला आणि नारळ घेऊन पावसात उतरला. त्याच्यामागून वाडी उतरली.

बंधाऱ्यापाशी सदू पाण्यात शिरला. फटीपाशी पाय रोवून त्याने गोणपाट उलगडले. चांगीने खाचरातून तोडून आणलेली दुधाची लोंबी अहिरावरून ओवाळली. नवे भात झाले नव्हते, तरी नव्याची मूठ त्याला द्यायची राहू नये म्हणून. गोमाने नारळ दगडावर आपटला. पाऊस इतका होता की त्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही.

अहिर क्षणभर सदूच्या तळहातांवर स्थिर राहिला. तांबड्या पाण्यात त्याचे पोट उजळले. मग त्याच्या देहातून एक लाट गेली, मुखापासून शेपटापर्यंत; हात रिकामे झाले. विहिरीच्या वर्तुळाबाहेरचे पाणी ज्याला आयुष्यभर अनोळखी होते, तो एकदाही थबकला नाही. कोणी दिशा दाखवली नाही, कोणी सांगाती दिला नाही. लहानपणी काचेसारख्या देहात जी आठवण ठेवून तो डोंगर चढला होता, तीच आता त्याला उतरवून नेत होती. बंधाऱ्याखाली एकदा काळी पाठ दिसली. नंतर पाणीच पाणी.

माणसे भिजत उभी होती. बऱ्याच वेळाने गोमाने डोक्यावरचे फडके काढले, पिळले आणि पुन्हा डोक्यावर ठेवले.

"माशाला दर्या म्हाईत," तो स्वतःशीच म्हणाला, "नि मला कल्यानच्या पुढं म्हाईत नाय."

अमावास्या उलटल्यावर तळाचा बरगा बसला. सदूच्या खाचराचा लांबचा कोपरा पळंज, नुसत्या पोकळ दाण्यांचा, निघाला. बाकीचे भात घरात आले. विहीर आटली नाही. मात्र बायका कठड्यावर वाकत, फटीकडे पाहत, आणि घागर बुडवताना त्यांचा हात उगीच अडखळे. "सुनं सुनं वाटतं," असे त्या म्हणत, आणि सदूचे घर ते ऐकून घेई.

उन्हाळ्यात पुतळी आणि कान्हा यांनी धामणीच्या झाडाच्या फांद्या तोडल्या, साली भिजवल्या, कुटल्या आणि त्यांचे जाड, खरखरीत दोर वळले. बरगे निघाले तरी मोरीच्या तळाचा गुळगुळीत उंबरा पिल्लांना चढायला अवघड, असे मायाच्या मॅडमांनी सांगितले होते. प्रमोद आणि त्याचे मित्र आले. दोर दगडांना बांधून बंधाऱ्याच्या भिंतीवरून खालच्या पाण्यात सोडले गेले. गोमा काठावर बसून गाठी तपासत होता. "ही गाठ हाय का कालेजातली सही?" असे म्हणून त्याने निम्म्या सोडून पुन्हा बांधल्या.

आषाढ संपत आला. सगळीकडे चिखलणी चालू होती. एका सकाळी कान्हा नांगर तसाच टाकून धावत आला. त्याला नीट बोलता येईना. सदू, पुतळी, चांगी त्याच्यामागे गेली.

भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा झरत होता आणि त्याखाली धामणीचे दोर हलत होते. पण हलत होते ते दोर नव्हते. त्यांवरून काही तरी चालले होते. काडीएवढे, काचेत पुसट शाई मिसळावी तसे, आरपार दिसणारे असंख्य देह सालीच्या रेषारेषांना बिलगून वर चढत होते. प्रत्येकाच्या अंगात एक बारीक काळा कणा आणि मोहरीहून बारीक दोन डोळे. एखादे घसरे, खालच्यावर आदळे आणि पुन्हा चढू लागे. ज्या समुद्राचे नेमके स्थान कोणाला ठाऊक नाही, तेथून खाडीतून, शहरांच्या सांडपाण्यातून, पुलांखालून ती धामणवाडीला आली होती. सदूने गुडघे टेकले. त्याचे हात आपोआप जुळले.

माया दुपारी पोचली, चिखलातच बसली आणि रडली. "भारी आहे यार," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळी गोमा आला. त्याच्या हातात गाडगे होते. 

"बायका म्हंतात, हीर सुनी हाय," तो म्हणाला. त्याने पुतळीकडे पाहिले. पोरीची आज्ञा मागावी तसे. "एक घेऊ का गं?"

पुतळीने बापाकडे पाहिले. सदूने बराच वेळ दोरावरची ती मूक चढण पाहिली. मग त्याने ओंजळ दोराखाली धरली; एक पिल्लू आपण होऊन तिच्यात आले. गाडगे डोक्यावर घेऊन तो बापाच्याच वाटेने विहिरीपर्यंत गेला. पाणी काठोकाठ होते. गाडगे कलंडले.

लोक घरांकडे वळले, पण सदू तेथेच बसला. धामणीचा उरलेला दोर त्याने कान्हाकडून मागून घेतला. एक टोक दगड बांधून विहिरीच्या तळाशी सोडले; दुसरे कठड्यावरून बाहेर काढले, ओहळाच्या बाजूच्या गवतापर्यंत नेले आणि तेथे खुंटीला बांधले. मग त्याने दोर हाताने ओढून पाहिला.

"आता कशापायी रे?" गोमाने विचारले. "एवढंसं तर हाय ते. तू आसशील का तवर?"

"मी नसंन," सदू म्हणाला. "दोर आसंल."

दोर पाण्यात कुजतो. म्हणून दर उन्हाळ्यात सदूच्या घरात आता धामणीची साल भिजत पडलेली असते.